व्याह्यांचा व्हिक डॅनबी

अकोला
७ सप्टेंबर २०२५

श्री. नत्थुजी यांस,
नमस्कार.

पाकिटावर माझं नाव बघून दचकू नका. पौर्णिमा ठणठणीत आहे आणि सोहमही. तुमची लेक आमच्या घरी आली त्याला आठ वर्षं झाली. एवढ्या काळात आपण दोघे व्याही एकमेकांशी बोललो ते फोनवर, "कसं काय?" "बरं आहे, द्या पौर्णिमाला," इतकंच. म्हणून म्हटलं कागदावर बोलून बघावं. जन्मभर वकिली केल्यावर लेखी असल्याशिवाय मला काही खरंही वाटत नाही.

विषय गंभीर आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तुम्ही तुरीची डाळ द्यायला आला होतात आणि नेहमीप्रमाणे व्हरांड्याच्या पायरीवर बसला होतात. मी आत माझ्या खोलीत एक जुनी रेकॉर्ड लावली होती. काही कामानं उठलो आणि खिडकीतून बघतो तर तुमचा पाय चालला होता, अगदी ठेक्यात. एवढ्यावर थांबलं असतं तर योगायोग म्हटलं असतं. पण मध्ये गिटारचा जो तुकडा येतो, तो यायच्या आधीच तुम्ही तोंडानं वाजवलात! मी पडद्याआड चोरासारखा उभा राहून तुम्हाला बघत होतो, याची माफी असावी.

नत्थुजी, तुम्ही व्हिक डॅनबी ऐकता?

ऐकत असाल तर तसं सांगून टाका, कारण या गावात मला त्या माणसाविषयी बोलायला कोणी नाही. कोर्टाच्या बार रूममध्ये एकदा नाव काढलं तर आमचे मनोजराव म्हणाले, "कोणत्या वॉर्डातून उभा आहे?" घरात आमच्या सौ. अनुपमाचं मत असं की त्या गायकाला कोणीतरी वेळीच मिठाच्या गुळण्या करायला सांगायला हव्या होत्या. सोहम आणि पौर्णिमा मान हलवतात, पण ती मोठ्यांचा मान राखल्यासारखी.

आता मुख्य बातमी. डॅनबी सत्त्याहत्तर वर्षांचा झाला आणि शेवटच्या दौऱ्यावर निघाला आहे. १३ डिसेंबरला तो मुंबईत, एका मोठ्या स्टेडियममध्ये गाणार. या वयात मी एकटा त्या गर्दीत गेलो तर लोक मला कुणाचा तरी हरवलेला आजोबा समजून माइकवरून पुकारतील. सोबत हवी. येता का?

तुमचा,
बापूसाहेब

---

नांदगाव खंडेश्वर
१६ सप्टेंबर २०२५

बापूसाहेबांस नमस्कार.

पत्र पोस्टमननं शेतावर आणून दिलं. वकिलाचं पाकीट पाहून कौशल्याचा चेहराच उतरला. वाचून दाखवलं तेव्हा म्हणाली, "इवायानं गान्यासाठी पत्र धाडलं? दोघायचंही एकाच दिवशी डोकं फिरलं काय?"

हो, ऐकतो. आता तुम्ही पाहिलंच आहे तर लपवून काय करू.

मी तुमच्या अकोल्यालाच कृषी महाविद्यालयात शिकलो. हॉस्टेलवर माझा रूमपार्टनर होता पातूरचा डोमाजी. त्याच्याकडे टेपरेकॉर्डर होता आणि कॅसेट दोनच. एक भजनाची आणि दुसरी, लाल कव्हरची, डॅनबीची. ती त्याला कोणी दिली हे त्यालाही आठवत नव्हतं. इंग्रजी आम्हाला कीटकनाशकाच्या डब्यावर लिहिलेलं असते तेवढंच समजे. पण तो माणूस ओरडायला लागला की वाटे, हा आपल्याच बांधावर उभा राहून ओरडून राहिला आहे. त्या वर्षी माझं मन कशातच लागत नव्हतं, तेव्हा त्या आवाजानं मला धरून ठेवलं. एवढं मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या कॅसेटची एक गंमत आहे. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं, ज्यात नुसती गिटार आणि तो एकटा गातो, ते अर्धं झालं की एकदम मंगलाष्टकं सुरू होत. डोमाजीच्या घरच्यांनी त्याच्या बहिणीचं लग्न त्याच कॅसेटवर भरून घेतलं होतं. मी ते गाणं शेकडो वेळा ऐकलं, पण अर्ध्यापर्यंतच. पुढे "सावधान."

आता आमच्या पोरानं, शिवमनं, पेन ड्राइव्हवर सगळी गाणी भरून दिली आहेत. ती मी ट्रॅक्टरवर लावतो. गावात म्हणतात, नत्थुजीचा ट्रॅक्टर इंग्रजीत बोलते. पण ते गाणं अर्ध्यावर आलं की मी बंद करतो. ते पूर्ण ऐकायचं तर त्याच्याच तोंडून, असं मनात धरून बसलो होतो. तो कशाला इकडे येतो, असंही वाटे. आता तुम्ही म्हणता येऊन राहिला.

येतो मी. माझं तिकीट मात्र मी काढीन.

तुमचा,
नत्थुजी

---

अकोला
२८ सप्टेंबर २०२५

प्रिय नत्थुजी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा अनुपमाला वाचून दाखवलं. मंगलाष्टकांपाशी ती इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या गाण्याची रेकॉर्ड माझ्या कपाटात आहे, पण तुमचा नेम मोडायचं पाप मी करणार नाही. ती मी कपाटाच्या तळाशी ठेवून दिली आहे.

तिकिटाचं मात्र तुमचं पत्र यायच्या आधीच होऊन गेलं. सोहमनं ज्या दिवशी विक्री सुरू झाली त्याच दिवशी फोनवर बसून दोन तिकिटं काढली, शेजारशेजारची, पूर्वेच्या स्टँडमध्ये. मला म्हणाला, "बाबांना सांगा, हे माझ्याकडून." तुमच्या जावयाला मी इतका खूश क्वचित पाहिला आहे. तेव्हा आता नाही म्हणू नका.

बाकीचा बेत असा. तुम्ही ११ तारखेला अकोल्याला यायचं आणि मुक्काम करायचा. दिवसभर सगळ्या रेकॉर्डी ऐकू, म्हणजे गळा आणि पाय तयार होतील. १२च्या संध्याकाळी इथूनच मुंबईची गाडी धरू. पौर्णिमा म्हणते तुम्हाला पाटवडीचा रस्सा आवडतो. ती करणार आहे. आतापासूनच तिचं काय काय चाललं आहे, मला सगळं कळत नाही. पण हरभऱ्याची डाळ दळून आणायची ठरली आहे एवढं खरं.

तुमचा,
बापूसाहेब

---

नांदगाव खंडेश्वर
९ ऑक्टोबर २०२५

बापूसाहेबांस नमस्कार.

एक घोळ झाला आहे. तुमचं पत्र यायच्या आधी नाही, आल्यावर झाला आहे, हे खरं ते सांगतो. सोहमरावांनी तिकीट काढलं हे वाचून मी त्याच दिवशी शिवमला पुण्याला फोन केला आणि माझं वेगळं तिकीट काढायला लावलं. तोपर्यंत पूर्वेच्या बाजूला जागा उरली नव्हती. मला पश्चिमेची मिळाली. शिवम म्हणतो, "बाबा, तुमी दोघं एकमेकायच्या बरोबर समोर बसान. मधात सारं मैदान."

तर आता आपण दोघं एकाच गाण्याला जाणार, पण मी तुम्हाला दिसणार नाही आणि तुम्ही मला. हात हलवला तर समजून घ्या. सोहमरावांना राग येऊ देऊ नका. ते दुसरं तिकीट कोणा दोस्ताला द्या.

मुक्कामाचं जमायचं नाही. ते सोयाबीनचे दिवस, शेत सोडून निघणं होत नाही. मी १२ला बडनेऱ्याहून गाडीत चढतो. तुम्ही अकोल्याला चढा. डबा एकच घेऊ, म्हणजे रात्रभर बोलता येईल. कौशल्या दोघांपुरत्या भाकरी आणि ठेचा बांधून देईल.

पौर्णिमाला सांगा, डाळ दळू नको म्हणावं.

तुमचा,
नत्थुजी

---

अकोला
२६ ऑक्टोबर २०२५

श्री. नत्थुजी,

दिवाळी संपेपर्यंत हे पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

मी वकील असलो तरी वऱ्हाडात जन्मलो आहे. डिसेंबरात कोणाचंही सोयाबीन शेतात नसतं एवढं मला कळतं. तुम्हाला खोटं बोलण्याचा सराव नाही, हे तुमच्या बाजूनं एक चांगलं म्हणायचं.

भाऊबीजेला तुम्ही शिवमला घेऊन आलात. शिवम आत आला, ओवाळून घेतलं, पोटभर जेवला, वर श्रीखंड मागून घेतलं. तुम्ही पायरीवर. पौर्णिमा दोनदा बाहेर आली. दुसऱ्यांदा तर ती दाराशीच उभी राहिली. तुम्ही पिशवीतून स्वतःची बाटली काढलीत, पाणी प्यालात आणि गाडीची वेळ झाली म्हणालात.

आठ वर्षं मी हे बघतो आहे आणि आठ वर्षं विचारायचं टाळतो आहे. आता विचारतो. पोरांनी जातीबाहेर लग्न केलं, ते ना तुम्हाला रुचलं होतं ना मला. आपण दोघांनीही तोंडं वाकडी करूनच अक्षता टाकल्या. माझं तोंड पौर्णिमानं पहिल्या सहा महिन्यांत सरळ केलं. तुमचं अजून तसंच आहे का? आमच्या घरचं अन्न तुम्हाला चालत नाही का? तसं असेल तर स्पष्ट लिहा. माझ्या मुलानं हौसेनं आणलेलं तिकीट परत करायला तुम्ही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलात, यात हसण्यासारखं काही नाही. मी हसलो नाही आणि सोहमही हसला नाही.

ज्या माणसाला माझ्या घरचा घोटभर चहा चालत नाही, त्याच्याबरोबर मुंबईपर्यंत जाऊन गाणं ऐकण्यात मला काय मजा येणार? तुम्ही जा. मी जाईनच असं नाही.

बापूसाहेब

---

नांदगाव खंडेश्वर
१ नोव्हेंबर २०२५

बापूसाहेबांस नमस्कार.

तुमचं पत्र वाचून जेवण गेलं नाही. जातीचं मनात नाही, देवाशपथ नाही. होतं ते लग्नाच्या दिवशी होतं आणि तिथेच मांडवात राहिलं. तुमच्या घरासारखं घर मी शोधून दिलं नसतं, हे मी कौशल्याजवळ कितीदा बोललो. तुमच्याजवळ बोललो नाही, ते चुकलं.

मला वाटत होतं तुम्हाला माहीत आहे. आमच्यात रीत आहे. लेकीला लेकरू होत नाही तोवर आईबापानं तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. माझे वडील माझ्या बहिणीकडे, चंदाकडे, वरूडला असेच जात. पायरीवर बसत, आपलं पाणी आपण नेत. तिला मुलगा झाला तेव्हा बारशाला पहिल्यांदा तिच्या घरी जेवले. पोरगी दिली, आता तिच्या घरावर आपला भार नको, असा त्याचा अर्थ मला सांगितलेला आहे. तिकिटाचंही तेच. जावयाच्या पैशाचं कसं घेऊ?

तर हा तुमचा अपमान नव्हता, उलट मानच होता. मी आठ वर्षं तुमचा मान ठेवून राहिलो होतो आणि तुम्ही अपमान समजत राहिलात. दोघंही बोललो असतो तर ही वेळ आली नसती.

पौर्णिमाला ही रीत माहीत आहे. ती लहानपणापासून पाहते. तिनं कधी काही म्हटलं नाही, म्हणजे तिलाही ते पटलेलं आहे. आज ना उद्या देव देईल तिला, मग मी पाटवडी मागून खाईन.

तुम्ही गाण्याला जाणार नाही असं म्हणू नका. तुमच्याशिवाय मी जाऊन काय करू?

तुमचा,
नत्थुजी

---

अकोला
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय नत्थुजी,

आधी माझी माफी. मी तुमच्यावर नको तो आरोप केला आणि पुरावा न तपासता केला. या वयात हे शोभलं नाही.

पण पुढचं वाचायच्या आधी कुठेतरी निवांत बसा. हे मी पौर्णिमाला विचारून लिहितो आहे. ती म्हणाली, "तुम्हीच लिहा. मी लिहायला बसले तर पत्र पुरं होणार नाही."

तुमचं पत्र मी तिला दाखवलं. "तिनं कधी काही म्हटलं नाही" ही ओळ तिनं बोटानं दाबून धरली. मग जे सांगितलं ते मी आठ वर्षं एकाच घरात राहून पाहिलं नव्हतं. तुम्ही येणार असं कळलं की ती तुमच्यासाठी स्वयंपाक करते. दर वेळी. ताट काढून, पुसून ओट्यावर ठेवते. तुम्ही पायरीवरून उठून निघालात की तुमच्या वाट्याचं ती दुसऱ्या भांड्यात काढते आणि कोणी बघत नाही अशा वेळी उभ्यानं खाऊन टाकते. टाकवत नाही म्हणते. ताट परत मांडणीवर.

आणि दुसरं. मूल व्हावं म्हणून दोघांनी नागपूरला पाच वर्षं उपचार घेतले. ते तुम्हाला अर्धंमुर्धं माहीत आहे. या श्रावणात त्यांनी ते थांबवलं. डॉक्टरांनी आता नको म्हटलं आणि पोरांनीही नको म्हटलं. दोघं दमली होती. आता ती बरी आहेत, हसतात, फिरायला जातात. आम्हाला सांगितलं, तुम्हाला सांगायचा तिला धीर झाला नाही. का झाला नाही ते तिच्याच शब्दांत लिहितो. सासरी ती आमच्यासारखं बोलते, पण त्या दिवशी तुमच्याकडचं बोलली:

"बाबा पायरीवर येऊन बसले का मले वाटते, माही परीक्षाच होऊन राहिली. अन् मी दर खेपेले नापास."

नत्थुजी, तुमची अट आता पुरी होणार नाही. तुम्ही मान ठेवता आहात, यावर माझा पूर्ण विश्वास बसला. पण तो मान तिच्यापर्यंत पोचत नाही. तिच्यापर्यंत फक्त बाटली पोचते.

मी काही मागत नाही. रीत तुमची, लेक तुमची. डॅनबीचं तिकीट माझ्या टेबलावर दगडाखाली ठेवलं आहे.

तुमचा,
बापूसाहेब

---

अकोला
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय नत्थुजी,

तुमचं पत्र नाही. मी जास्त बोललो का? फोन करणार होतो, पण फोनवर आपल्याला फक्त "बरं आहे" म्हणता येतं.

डॅनबीचा घसा बसल्यामुळे त्याचा एक कार्यक्रम रद्द झाला असं पेपरात आलं आहे. अनुपमानं लगेच गुळण्यांची आठवण करून दिली. मी दोन दिवस काळजीत होतो. आता म्हणे बरा आहे, मुंबईला येणार म्हणतो. हल्ली तो शेवटी ते एकट्याचं गिटारचं गाणं म्हणतो असं कळलं, तुमचं अर्धं राहिलेलं. म्हटलं तुम्हाला कळवावं.

दोन ओळी तरी लिहा.

बापूसाहेब

---

नांदगाव खंडेश्वर
२ डिसेंबर २०२५

बापूसाहेबांस नमस्कार.

लिहायला बसत होतो आणि उठत होतो. आज मात्र बसलोच.

तुमचं पत्र मी कौशल्याला वाचून दाखवलं. तिला सगळं माहीत होतं. उपचार थांबल्याचंही पौर्णिमानं तिला सांगितलं होतं. मी म्हटलं, मला काहून नाही सांगितलं? तर म्हणाली, "तुमाले कसं सांगावं? तुमी तं रीत घेऊन बसले." आणि आणखी ऐका. ही बाई पौर्णिमाच्या लग्नाच्या पहिल्याच वर्षापासून तुमच्याकडे जेवते! मी बाजाराचं काम करायला जातो तेव्हा ती आत जाऊन पोहे खाते, चहा घेते, वर विहीणबाईंकडून लोणच्याची बरणी आणते. मी विचारायचो, अगं, हे लोणचं कुठलं? तर म्हणे बचत गटाचं. आठ वर्षं मी तुमच्याच घरचं लोणचं बचत गटाचं समजून खात आलो. रीत तर तेव्हाच मोडली होती, मला फक्त कोणी कळवलं नाही.

हसू आलं, पण त्यानं भागेना. मग मी वरूडला चंदाकडे गेलो. तिच्याकडे संत्र्याची तोड चालू होती. झाडाखाली बसून तिला विचारलं, बाबा तुझ्या पायरीवर बसायचे तेव्हा तुला कसं वाटे? मला वाटलं ती म्हणेल, जुनी रीत होती, त्यात काय. ती संत्री निवडता निवडता थांबली.

"दादा, मी आतून पाहत राहो. वाटे, घरात येऊन एक घोट पानी पेतीन तं माह्या जिवाले बरं वाटन. मंग विपुल झाला अन् बारशाले बाबा जेवले. सारे हासले. मी गोठ्यात जाऊन रडली. मले वाटलं, हे पोरगं झालं नसतं तं बाबा कधीच जेवले नसते. मंग ते माह्यासाठी कुठी जेवले? ते तं विपुलसाठी जेवले."

त्या बारशाला मी हजर होतो, बापूसाहेब. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो होतो.

माझा बाप वाईट नव्हता. मीही नाही. पण लेक आतून पाहते आहे हे आम्हा दोघांनाही दिसलं नाही. मला पौर्णिमा काही परकी नाही, तिच्या पोटी लेकरू आलं काय आणि न आलं काय. ती माझी पहिली पोर आहे. तिला पास व्हायला काही करायचं नव्हतं, हे मी तिला आठ वर्षांत सांगितलं नाही याची मला लाज वाटते.

मी ११ला येतो. मुक्कामाला येतो. पौर्णिमाला मात्र काही सांगू नका. मी बडनेऱ्याहून चढणार आहे, उभ्या उभ्या तुरीच्या शेंगा द्यायला येतो आहे, असंच सांगा. तुम्ही म्हणता ती ताट काढतेच, तर काढू द्या.

सोहमरावांनी आणलेलं तिकीट दगडाखालून काढून ठेवा. ते मी घेतो. लेकीच्या घरचं घेतो आहे, हे मुद्दाम लिहितो. तुम्हाला लेखी लागते ना? पश्चिमेच्या जागेवर शिवम बसेल. त्याला म्हटलं, तू तिकडून हात हलव, आम्ही दोघं इकडून हलवतो.

तुमचा,
नत्थुजी

---

अकोला
१२ डिसेंबर २०२५

प्रिय आई,

आत्ताच दोघं स्टेशनवर गेले. सोहम सोडायला गेला आहे. फोन करणार होते, पण फोनवर मला रडू येईल आणि तू घाबरशील. शिवाय या घरात हल्ली पत्र लिहायची साथच आली आहे.

काल बाबा दुपारी आले. बापूसाहेबांनी सांगितलं होतं की शेंगा देऊन लगेच जाणार. मी तरीही पाटवडी केली. तुला माहीतच आहे माझं. ताट पुसून ओट्यावर ठेवलं आणि मनाशी म्हटलं, पौर्णिमा, आज वाईट वाटून घ्यायचं नाही.

बाबा पायरीवर बसले. अंगात शिवमनं पाठवलेला काळा टी-शर्ट, त्यावर डॅनबीचं तोंड, खाली तुझ्या हातचं धुतलेलं पांढरं धोतर. मी शेंगांची पिशवी घ्यायला बाहेर गेले. त्यांनी नेहमीसारखी बाटली काढली, झाकण उघडलं आणि माझ्यासमोर उलटी धरली. एक थेंब पडला नाही. रिकामीच आणली होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, पानी दे बरं. अन् जेवाले वाढ. तुह्या घरी जेवाले आलो."

मला कळेचना. मी म्हटलं, "बाबा, रीत?"

म्हणाले, "ते चुकलं माह्यं. तू माही लेक हायस, एवढं पुरते. बाकी काई लागत नाई." मग उठले आणि चप्पल काढून सरळ आत आले. आई, त्यांना स्वयंपाकघर कुठे आहे हेही माहीत नव्हतं, देवघराकडे वळले. सासूबाईंनी हाताला धरून आणलं.

दोन वेळा रस्सा मागून घेतला. रस्सा तिखटाला कमी आहे म्हणाले, तुझ्यासारखा नाही म्हणाले. मी इतकी खूश झाले की काय सांगू, कारण नाव ठेवायला आधी खावं लागतं. आतल्या खोलीत बापूसाहेबांनी रेकॉर्ड लावली होती. जेवता जेवता बाबांचा पाय पाटावर ठेका धरून चालला होता. सोहम दारात उभा राहून बघत होता आणि उगाच चष्मा पुसत होता. बाबांनी त्याला जवळ बोलावून म्हटलं, "तिकीट लय चांगलं काढलं तुमी." बस, एवढंच. पण रात्री सोहम मला ते वाक्य दोनदा म्हणून दाखवत होता.

आज दिवसभर दोघांनी घर डोक्यावर घेतलं. ते अर्धं गाणं सोडून बाकी सगळी गाणी झाली. निघताना बाबा म्हणाले, उद्या ते पूर्ण ऐकल्यावर मला मंगलाष्टकांशिवाय चुकल्यासारखं वाटेल. तेव्हा बापूसाहेबांनी कबूल केलं आहे की गाणं संपलं की ते बाबांच्या कानात "सावधान" म्हणतील. स्टेडियममधल्या लोकांचं काय होईल ते देव जाणे.

आता तुला पत्र का लिहिते ते सांगते. काल बाबा हात धुवायला गेले आणि मी त्यांचं ताट उचललं. नळाखाली धरलं आणि थांबले. कडेला रस्सा लागला होता, ठेच्याचा लाल डाग होता, भाकरीचा एक तुकडा उरला होता. आठ वर्षं मी ते ताट स्वच्छच काढत होते आणि स्वच्छच ठेवत होते. काल पहिल्यांदा ते मला घासावं लागलं.

तुझी,
पौर्णिमा